हलणं आणि हलवणं

‘अवेकनिंग्ज’ (१९९०) या सिनेमाचा एक तुकडा अजूनही रील होऊन फिरत असतो. रात्रीची वेळ, हॉस्पिटलचा वॉर्ड. कित्येक वर्षं पुतळ्यासारखा बसून असलेला लेनर्ड आपल्या पलंगावर नाही. डॉक्टर घाबऱ्याघाबऱ्या त्याला शोधतो, तर हा पठ्ठ्या एका टेबलाशी बसून कागदावर स्वतःचं नाव लिहितोय. खाली कमेंट्समध्ये रडणाऱ्या इमोजींची रांग. रॉबर्ट डी निरोने हा प्रसंग केलाय सुंदरच, त्याबद्दल वाद नाही. पण याच सिनेमाच्या उत्तरार्धात दुसरा एक लेनर्ड आहे. त्याचा खांदा उडतोय, मान एका बाजूला खेचली जातेय, बोलता बोलता हात भलतीकडे जातोय. त्या लेनर्डचं रील मला कधी कुणी पाठवलेलं नाही.

मला लिहायचंय ते या दुसऱ्या लेनर्डबद्दल. ज्या औषधाने त्याला जागं केलं, त्याच औषधाने त्याचं शरीर त्याला न विचारता हलू लागलं. हे हलणं ऑलिव्हर सॅक्स यांच्या ‘अवेकनिंग्ज’ या पुस्तकाने (१९७३), हॅरॉल्ड पिंटरच्या ‘अ काइंड ऑफ अलास्का’ या नाटकाने (१९८२) आणि पेनी मार्शलच्या सिनेमाने वेगवेगळ्या तऱ्हेने दाखवलं. तिघांत सगळ्यात जास्त लोकांपर्यंत पोचला तो सिनेमा, आणि माझ्या मते या हलण्याकडे सगळ्यात वाईट नजरेने पाहतो तोही सिनेमाच. ती नजर पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या वॉर्डात राहिलेली नाही. आज साध्या झोपेच्या तक्रारीसाठी गोळी घेणाऱ्या काही माणसांनाही ती सोसावी लागते. म्हणून हा खटाटोप.

आधी आजार

पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपात एक विचित्र आजार पसरला. व्हिएन्नातल्या कॉन्स्टँटिन फॉन एकोनोमो या डॉक्टरांनी १९१७ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि त्याला ‘एन्सेफलायटिस लेथार्जिका’ म्हटलं. लोक जेवता जेवता झोपायचे आणि आठवडेच्या आठवडे झोपून राहायचे. काहींचं बरोबर उलटं व्हायचं, त्यांची झोप पार उडायची. दगावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासताना एकोनोमो यांना दिसलं, की हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागाला इजा असेल तर झोपाळूपणा येतो आणि पुढच्या भागाला इजा असेल तर निद्रानाश. झोप म्हणजे नुसता थकवा नव्हे, मेंदूत तिची ठरलेली ठिकाणं आहेत, ही समज वाढायला या साथीचा मोठा हातभार लागला.

१९२०च्या दशकाच्या अखेरीस साथ ओसरली. वाचलेल्यांपैकी बरेच जण कामाला लागले, संसार करू लागले. मग काही वर्षांनी त्यातले अनेक हळूहळू गोठत गेले. पार्किन्सन्ससारखा आजार, पण जास्त तीव्र आणि जास्त विचित्र. बोलणं थांबलं, हालचाल थांबली. १९६६ मध्ये सॅक्स न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या बेथ अब्राहम हॉस्पिटलमध्ये रुजू झाले तेव्हा असे सुमारे ऐंशी रुग्ण तिथे होते. (पुस्तकात या हॉस्पिटलचं नाव बदलून ‘माउंट कार्मेल’ केलंय.) १९६७ मध्ये जॉर्ज कोत्झियास यांनी दाखवून दिलं, की डोपा हे द्रव्य मोठ्या मात्रेत तोंडावाटे दिलं तर पार्किन्सन्सच्या रुग्णांना फरक पडतो. १९६९ मध्ये सॅक्स यांनी आपल्या रुग्णांना एल-डोपा द्यायला सुरुवात केली. पुस्तकात अशा वीस जणांच्या कहाण्या आहेत.

पुढे जे झालं त्याचं यंत्र समजून घ्यायला हवं, नाहीतर सिनेमाची गफलत कळणार नाही. हालचालीची मात्रा सांभाळणाऱ्या ज्या पेशी डोपामिन बनवतात, त्या या रुग्णांत मेल्या होत्या. एल-डोपा मेंदूत जाऊन डोपामिन होतं, म्हणून गाडी चालू झाली. पण इतकी वर्षं उपाशी राहिलेली मेंदूची यंत्रणा आता कणभर डोपामिनलाही मोठा प्रतिसाद देऊ लागली होती. मात्रा किंचित कमी पडली की माणूस गोठायचा, किंचित जास्त झाली की झटके, टिक्स, धाप, थांबवता न येणारं बोलणं. मधली सुरक्षित पट्टी दिवसेंदिवस अरुंद होत गेली आणि काही जणांच्या बाबतीत उरलीच नाही. यात रुग्णाच्या स्वभावाचा, हट्टाचा, रागाचा दोष कुठेच नव्हता.

सिनेमा काय करतो

आता सिनेमाचा उत्तरार्ध पाहा. लेनर्ड डॉक्टरांच्या मंडळासमोर बसून एक साधी मागणी करतो: मला एकट्याला बाहेर फिरायला जाऊ द्या. मंडळ नकार देतं. लेनर्ड चिडतो, आरडाओरडा करतो, त्याला मनोरुग्णांच्या वॉर्डात हलवतात. तिथे तो इतरांना भडकवतो, संशयी होतो. आणि याच सुमाराला त्याच्या अंगात झटके दिसायला लागतात.

पटकथाकार स्टीव्हन झेलियन यांनी या दोन गोष्टी शेजारी का ठेवल्या ते कळतं. दोन तासांच्या सिनेमाला चढती कमान लागते. पण शेजारी ठेवलेल्या दोन गोष्टींमध्ये प्रेक्षक आपोआप कार्यकारण जोडतो. राग वाढला, झटके वाढले. झटके हे रागाचं चित्र झालं. लेनर्डची मान वळते तेव्हा आपण औषधाची मात्रा बघत नसतो, आपण एका माणसाचं बिनसणं बघत असतो. पुढे पॉलासोबतच्या नाचाचा प्रसंग येतो. कँटीनमध्ये ती त्याचा हात धरते, दोघं सावकाश झुलतात आणि झटके शांत होतात. संगीताने आणि लयीने अशा रुग्णांची हालचाल सुधारते हे खरंच आहे, सॅक्स यांनी त्यावर भरपूर लिहिलंय. सिनेमा मात्र त्याचं श्रेय प्रेमाला देऊन मोकळा होतो. रागाने बिघडतं, प्रेमाने थांबतं. म्हणजे सगळं मनावरच आहे म्हणायचं.

मी हा मुद्दा मराठीतून मांडायचं ठरवलं, कारण मराठी व्याकरणात या गोष्टीसाठी चांगली हत्यारं आहेत. आपण झोप ‘करत’ नाही. आपल्याला झोप येते. शिंक येते, जांभई येते, हसू येतं. वाक्यात ‘मी’ असतो, पण ‘मला’ होऊन बाजूला उभा असतो. शिवाय आपल्याकडे जोड्या आहेत: पडणं-पाडणं, फिरणं-फिरवणं, हलणं-हलवणं. ‘हात हलतोय’ आणि ‘मी हात हलवतेय’ या दोन वाक्यांमध्ये अख्ख्या न्यूरॉलॉजी विभागाएवढं अंतर आहे.

आणि तिसरंही एक रूप आहे, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: ‘पाय हलवल्यावाचून राहवत नाही’. इथे पाय मीच हलवतेय, पण न हलवायची सोय नाही. काही औषधांमुळे माणसाला एका जागी बसणं अशक्य होतं. तो उठतो, येरझाऱ्या घालतो, परत बसतो, परत उठतो. या अवस्थेला ‘अकॅथिझिया’ म्हणतात. लॅडिस्लाव्ह हाश्कोवेक या चेक डॉक्टरांनी १९०१ मध्ये, म्हणजे ही औषधं यायच्या कितीतरी आधी, ग्रीकमधून हा शब्द घडवला. अर्थ काय, तर ‘बसता न येणं’. आपली आजी याला सरळ म्हणाली असती, ‘मला बसवत नाही’. जो अर्थ सांगायला डॉक्टरांना ग्रीक गाठावं लागलं, तो आपल्याकडे क्रियापदाच्या एका रूपात बसलाय.

सिनेमाला यातली पहिली दोनच रूपं कळतात. लेनर्ड एक तर नायक असतो, सगळं स्वतः करणारा. नाहीतर बळी असतो, ज्याच्यावर सगळं गुदरतं. मधलं ‘राहवत नाही’ त्याच्या आवाक्यात येत नाही.

पुस्तक काय करतं

पुस्तकातला लेनर्ड वेगळाच माणूस आहे. सिनेमात तो लहानपणीच आजारी पडून मोठेपणी निरागस मूल म्हणून जागा होतो. पुस्तकातला लेनर्ड एल. हार्वर्डला शिकलेला, पीएचडीचा प्रबंध संपत आलेला असताना आजाराने अडवलेला, अक्षरांच्या पाटीवर एकेक अक्षर दाखवत बोलणारा पुस्तकी किडा आहे. एल-डोपाने जागं झाल्यावर तो दोन बोटांनी टाइप करत काही आठवड्यांत पन्नास हजार शब्दांचं आत्मचरित्र लिहून काढतो. त्याच्यात कामेच्छा उसळते, मोठेपणाच्या कल्पना येतात, टिक्स येतात. हे सगळं एकाच उधाणाचे भाग आहेत. आनंद कुठे संपला आणि आजार कुठे सुरू झाला, याची रेघ लेनर्डलाही मारता येत नाही आणि सॅक्स यांनाही.

पुस्तकातली सगळ्यात शिकवणारी कहाणी मला फ्रान्सेस डी. या बाईंची वाटते. त्यांचा आजार १९१९ मध्ये सुरू झाला तो झोप उडण्यातूनच. पन्नास वर्षांनी एल-डोपा मिळाल्यावर त्या मोकळ्या झाल्या, पण काही काळाने त्यांना श्वासाचे जोरदार झटके यायला लागले. सॅक्स वेळा टिपू लागले, कशाने येतात ते शोधू लागले. शोधता शोधता लक्षात आलं, की झटका आणणाऱ्या गोष्टींमध्ये एक गोष्ट स्वतः सॅक्सच आहेत. डॉक्टर दिसले की झटका! हा तपशील ज्या लेखकाने लपवला नाही त्याला माझा सलाम आहे. बघणारा माणूस चित्राबाहेर उभा नसतो, हे इथे एका वाक्याचंही तत्त्वज्ञान न सांगता कळतं.

वीस कहाण्यांचे वीस शेवट आहेत. काहींना औषध सोसलंच नाही. काहींचं बंद केलं, पुन्हा सुरू केलं, मात्रा बदलली. काही जण टिक्ससकट, कमी-जास्त त्रासासकट वर्षानुवर्षं जगले. कहाण्या संपल्यावर सॅक्स या प्रवासाचे तीन टप्पे करतात: जाग, यातना आणि जुळवून घेणं. सिनेमाने पहिले दोन घेतले आणि तिसरा गाळला. सिनेमात सगळेच जागे होतात आणि सगळेच पुन्हा गोठतात. मग डॉक्टर भाषण करतो, माणसाची जिद्द कुठल्याही औषधापेक्षा मोठी असल्याचं सांगतो, आणि शेवटी धीर करून नर्सला कॉफीसाठी विचारतो. म्हणजे रुग्णांच्या उन्हाळ्यातून धडा शिकला कोण, तर लाजाळू डॉक्टर. लेनर्डचं शरीर डॉक्टरच्या गोष्टीत उदाहरणापुरतं उरलं.

मावशीची बडीशेप

हा फरक मला इतका का टोचतो ते सांगते. काका गेल्यानंतर माझ्या मावशीची झोप गेली. दोन-दोन वाजेपर्यंत ती ओट्याशी काहीतरी घासत बसायची. डॉक्टरांनी रात्री घ्यायला एक छोटी गोळी दिली. घरात तिचं नाव ‘झोपेची गोळी’ असंच पडलं आणि गोळीने काम केलंही. मावशी झोपू लागली, हसू लागली. काही वर्षांनी तिचे ओठ हलायला लागले. आधी नुसते आवळायचे, मग तोंडातल्या तोंडात काही चघळल्यासारखं. हळदीकुंकवाला बायका विचारायच्या, ‘काय गं, एकटीच काय खातेयस?’ एका नातेवाइकाने तर ‘मिश्री लावायला लागली वाटतं’ असं म्हणून घेतलं.

मावशीने यावर काढलेला उपाय असा, की ती कायम बडीशेप जवळ ठेवू लागली. चार माणसांत बसायचं असलं की चिमूटभर तोंडात. आता तोंड हलायला कारण होतं. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी सगळ्या गोळ्यांची पाकिटं मागवून घेतली आणि सांगितलं, की ही झोपेची गोळी मुळात मानसिक आजारांवरच्या औषधांच्या जातीतली आहे आणि ओठांचं हलणं त्या जातीचा ओळखीचा परिणाम आहे. गोळी त्यांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी केली. हलणं कमी झालं, पूर्ण गेलं नाही.

या हलण्याला ‘टार्डिव्ह डिस्किनेशिया’ म्हणतात. ‘टार्डिव्ह’ म्हणजे उशिरा येणारं. १९५०च्या दशकात क्लोरप्रोमाझिनपासून ही औषधं वापरात आली, आणि जीभ, ओठ, जबडा आपोआप हलणारे रुग्ण पाठोपाठ दिसू लागले. एल-डोपा मेंदूत डोपामिन ओततं. ही औषधं बरोबर उलटं करतात, डोपामिनची दारं अडवून धरतात. वर्षानुवर्षं दारं अडवली की ती जास्त हळवी होतात आणि जरा धक्का लागला की धाडकन उघडतात, हे त्यामागचं सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं स्पष्टीकरण. विरुद्ध दिशांनी निघालेले दोन रस्ते असे एकाच गावाला पोचतात.

क्वेटियापिन हे याच जातीतलं औषध. ते स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर आजारासाठीचं, पण गुंगी येते म्हणून कमी मात्रेत निद्रानाशासाठीही सर्रास लिहून दिलं जातं. जुन्या औषधांच्या मानाने त्याने हा त्रास होण्याची शक्यता कमी असते, पण शून्य नसते. एल-डोपाचीही झोपेशी जोडलेली एक गोष्ट आहे. रात्री पायांत वळवळ होऊन ज्यांची झोप उडते त्यांना झोपण्यापूर्वी हेच औषध दिलं जायचं. १९९६ मध्ये अ‍ॅलन आणि अर्ली या अमेरिकी संशोधकांनी नोंदवलं, की अनेकांची वळवळ रात्रीऐवजी संध्याकाळी, मग दुपारी सुरू होते, वाढते, हातांपर्यंतही जाते. रात्रीचा त्रास शमवायला घेतलेली गोळी तो दिवसावर पसरवत होती.

साइड, पण कुणाच्या दृष्टीने?

मी पोटासाठी कोड लिहिते. आमच्याकडेही ‘साइड इफेक्ट’ हा शब्द रोजच्या वापरातला आहे. एखादं फंक्शन उत्तर परत देतं, तेवढं त्याचं मुख्य काम. त्याखेरीज ते जे काही करतं, म्हणजे फाइलमध्ये लिहिणं, स्क्रीनवर काही दाखवणं, कुणाच्या खात्यातून पैसे वळते करणं, ते सगळं साइड इफेक्ट. गंमत बघा, वापरणाऱ्याला दिसतो तो फक्त साइड इफेक्टच. परत आलेलं उत्तर त्याला कधी दिसतही नाही. मुख्य काय आणि बाजूचं काय हे फंक्शन लिहिणारा ठरवतो, वापरणारा नाही.

पुस्तकात सॅक्स नेमकी याच शब्दावर हरकत घेतात. औषधाचे परिणाम असे मुख्य आणि बाजूचे वेगळे काढता येत नाहीत, ते एकाच माणसाला एकाच वेळी होत असतात, असं त्यांचं म्हणणं. हे सांगायची तेव्हा किंमत होती. १९७० मध्ये त्यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलला पत्र लिहून साठ रुग्णांचा वर्षभराचा अनुभव मांडला: सुरुवातीला सगळ्यांना फायदा झाला, पण पुढे सगळ्यांच्याच बाबतीत काही ना काही हाताबाहेर गेलं. एल-डोपाकडे चमत्कार म्हणून पाहायच्या त्या दिवसांत बऱ्याच सहव्यावसायिकांना हे पत्र झोंबलं. पुस्तकातल्या लांबलचक तळटीपा, टोकाचं बारीक वर्णन, पाल्हाळ वाटेल इतकी सविस्तरता, या सगळ्याचा एक उगम मला इथे दिसतो. ज्याचं थोडक्यात सांगितलेलं कुणी मानलं नाही, तो मग सगळंच सांगत बसतो.

आपल्याकडे या शब्दाची आणखी एक तऱ्हा आहे. मराठीत आपण ‘दुष्परिणाम’ म्हणतो, म्हणजे परिणाम दुष्ट. आणि जाहिरातीत म्हणतो, ‘नैसर्गिक आहे, कोणताही साइड इफेक्ट नाही’. आता गंमत अशी, की रानात हाताला लागली तर खाजवून जीव नकोसा करणाऱ्या खाजकुइलीच्या बियांमध्ये भरपूर एल-डोपा असतं. १९३७ मध्ये भारतीय संशोधकांनीच ते त्यातून वेगळं काढलं आणि कंपवातावर आयुर्वेदात या बिया जुन्या काळापासून वापरात आहेत. रेणू तोच आहे. तो झाडावर बनला की कारखान्यात, हे मेंदूला कळत नाही. त्यामुळे चांगलं करायची त्याची ताकद आणि हात-पाय नाचवायची ताकद, दोन्ही झाडातून आल्या तरी येणारच.

पिंटर, आणि सॅक्स यांची मर्यादा

पिंटरने सॅक्स यांच्या पुस्तकावरून एकच बाई उचलली. डेबोरा सोळाव्या वर्षी गोठते आणि एकोणतीस वर्षांनी जागी होते. १९८२ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये ही भूमिका ज्युडी डेंचने केली. नाटक छोटं आहे, एक पलंग आणि तीन माणसं. डेबोराला वाटतं आपण अजून मुलगीच आहोत, बाकीचे दोघं तिला वय समजावतात. शेवटाकडे तिच्या शरीरात बिघाडाची चाहूल दिसते. भिंती जवळ येतायत असं तिला वाटतं, अंग तिचं ऐकेनासं होतं. ना कुणी भाषण करत, ना नाच होत. ते ओसरतं आणि ती पुन्हा बोलू लागते. तिला काय काय सांगण्यात आलं त्याची ती स्वतः जुळणी करते, काही घेते, काही सोडते आणि आभार मानते. शरीराने दगा दिल्यानंतरही वाक्याची कर्ती तीच राहते. सिनेमाला दोन तासांत जमलं नाही ते पिंटरने काही मिनिटांत केलं, असं मला वाटतं.

मग सॅक्स निर्दोष का? नाही. अपंगत्वाच्या अभ्यासकांनी त्यांच्यावर टीका केलीय, की रुग्णांच्या जिवावर त्यांनी स्वतःचं लेखन उभं केलं. त्यांनी रुग्णांच्या तोंडी स्वतःचं किती घातलं, यावरही अलीकडे बराच वाद झालाय. मला तो वाद महत्त्वाचा वाटतो. पुस्तकातले रुग्ण कधीकधी संशय यावा इतकं सुरेख बोलतात. एखादी बाई एका वाक्यात आपल्या आयुष्याचं सार सांगते, तेव्हा मी आता जरा थांबून वाचते. म्हणून मी या लेखात त्यांच्या सुभाषितांकडे गेले नाही, शरीराच्या नोंदींजवळ राहिले: झटका कधी आला, किती वेळ टिकला, कोण समोर होतं. सॅक्स यांचं साहित्य तिथे आहे असं माझं मत आहे. त्यांची तत्त्वज्ञानाची वाक्यं आज थोडी शिळी लागतात. मात्रा आणि वेळा टिपणारा त्यांचा गद्य अजून ताजा आहे.

आणखी एक जाणवतं. न्यूरॉलॉजीत हे माहीत आहे, की आपोआप होणाऱ्या हालचाली माणसं मुद्दाम केल्यासारख्या हालचालींत मिसळून टाकतात. हात उडाला की तो तसाच पुढे नेऊन केस सारखे करायचे. मावशीची बडीशेप याच जातीची. ‘हलणं’ घ्यायचं आणि त्याचं ‘हलवणं’ करून टाकायचं. यात लपवाछपवी आहे, लाज आहे, आणि हुशारीही आहे. पुस्तकातल्या ‘जुळवून घेणं’ या टप्प्याचा अर्थ मला या चिमूटभर बडीशेपेतून जास्त कळला. सिनेमात अशा हुशारीला जागा नाही, कारण तिथे हलणारं शरीर कोसळतानाच दिसतं, ते कधी दुकानात रांगेत उभं राहताना, सुटे पैसे मोजताना दिसत नाही.

कॅमेरा

सिनेमातल्या ज्या एका प्रसंगासाठी मी त्याला पुरता मोडीत काढत नाही, तो इथे सांगायला हवा. लेनर्डला जोराचा झटका येतो. डॉक्टर सेयर, म्हणजे रॉबिन विल्यम्स, कॅमेऱ्यामागे आहे आणि त्याला बघवत नाही (पुन्हा तेच क्रियापद!), तो चित्रण थांबवायला निघतो. लेनर्ड त्याला थांबू देत नाही. बघ, माझ्याकडून शिक, असा त्याचा आग्रह आहे. या दोन मिनिटांत लेनर्ड बळीही नाही आणि नायकही नाही. त्याचं शरीर त्याच्या हातात नाही, पण त्या शरीराचं काय करायचं हे तो ठरवतो. पुढे-मागे काहीही असलं तरी हा प्रसंग खरा आहे.

आता तो कॅमेरा आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे. हालचालींच्या आजाराचे डॉक्टर आज घरच्यांना खरंच सांगतात, व्हिडिओ काढून आणा, कारण तपासणीच्या दहा मिनिटांत हालचाल दिसेलच असं नाही. तसा व्हिडिओ काढायचा असेल तर आधी त्या माणसाला विचारावं आणि तो डॉक्टरांपर्यंतच जावा. फॅमिली ग्रुपवर नको. झोपेसाठी म्हणून दिलेली गोळी नेमकी कुठल्या जातीची आहे, ती किती दिवस घ्यायची आणि ओठ, जीभ, पाय यांकडे लक्ष ठेवायचं का, हे तीन प्रश्न चिठ्ठी हातात पडतानाच विचारता येतात. त्यात डॉक्टरांचा अपमान नाही. मात्र आधीच चालू असलेली गोळी हा लेख वाचून परस्पर बंद करू नये. ती एकदम थांबवल्यानेही त्रास वाढू शकतो. आणि टार्डिव्ह डिस्किनेशियासाठी म्हणून अमेरिकेत २०१७ मध्ये दोन औषधं मान्य झालीयत, म्हणजे बोलून फायदा होण्याजोगी परिस्थितीही आता आहे.

सिनेमा पाहिला नसेल तर जरूर पाहा, डी निरोसाठी आणि त्या कॅमेऱ्याच्या प्रसंगासाठी. मग पुस्तक मिळवा आणि लेनर्डपासून नका सुरू करू. फ्रान्सेस डी.पासून करा. झोप उडालेली पंधरा वर्षांची मुलगी ते डॉक्टर दिसताच श्वास अडणारी म्हातारी, एवढं अंतर सॅक्स यांनी घाई न करता चालून दाखवलंय. टिक्ससकट, चिडचिडीसकट, संगीतासकट ती बाई पानावर बसलेली असते. तिच्याकडे टक लावून बघायचा मोह झाला, तर आपणही त्या वॉर्डातले एक बघे आहोत एवढं लक्षात ठेवा आणि वाचत राहा.